एकट्याचा प्रवास

जयपूरच्या शास्त्री नगरातून मोटारसायकलवर एकटाच लडाखला गेलेला मनुष्य परतल्यावर म्हणतो, "मी एकट्याने खारदुंग ला ओलांडली." या वाक्यातील 'एकट्याने' या शब्दाचा नेमका अर्थ काय?

समुद्रसपाटीपासून सुमारे 430 मीटर उंचीवरच्या शहरातून निघून तो सुमारे 5,360 मीटर उंचीच्या त्या खिंडीत पोचला. तेथे हवेचा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो; स्वार आणि इंजिन दोघांचाही दम तुटतो. हे कष्ट निःसंशय त्याचे. परंतु त्याच्या चाकांखालचा रस्ता 1960 साली स्थापन झालेल्या सीमा रस्ते संघटनेने राखलेला असतो. तेथील दरडी उपसणाऱ्यांत झारखंडातील दुमका भागातून आलेले मजूर असतात. त्याच विरळ हवेत ते महिनोन्महिने फावडे चालवतात. त्याला मात्र कोणी साहस म्हणत नाही.

मग एकटेपण हा निव्वळ भ्रम मानावा काय? तसेही नाही. उंचीवर डोके ठणकू लागले, की पुढे जावे की मागे फिरावे, हा निर्णय त्याच्या वतीने दुसरा कोणी घेऊ शकत नाही. जबाबदारीत माणूस खरोखर एकटा असतो; यशात तो तसा कधीच नसतो. घरी परतून 'एकट्याने' हा शब्द उच्चारताना त्याला रस्त्याकडेला फावडे टेकून वाट देणारा मजूर आठवला आणि तो क्षणभर अडखळला, तर त्याचा प्रवास व्यर्थ गेला नाही, असे समजावे.