दोष शोधणें आणि दोष देणें

एखादी गोष्ट बिघडली म्हणजे ती कशानें बिघडली हें पाहण्यापूर्वीं ती कोणीं बिघडविली हें ठरविण्याची मनुष्यास मोठी घाई असते. हीं दोन्ही कामें एकच आहेत असें पुष्कळांस वाटतें. तीं एक नाहींत. आणि त्यांतील भेद समजण्यास एका जुन्या मालमोटारीचा दृष्टांत आमच्या वाचकांस उपयोगी पडेल अशी आम्हांस आशा आहे.

अमेरिकेंतील फोर्ड कंपनीनें इ. स. १९२८ च्या सुमारास ‘मॉडेल एए’ नांवाची दीड टन ओझें वाहणारी मालमोटार काढली. त्याच कंपनीनें १९२६ सालीं मुंबईस आपली शाखा स्थापिली होती, म्हणून फोर्डच्या गाड्या आपल्या प्रांतास नवख्या नव्हत्या. ह्या मालमोटारीचें इंजिन चार नळकांड्यांचें व ४० अश्वशक्तीचें होतें. पेट्रोलाची टाकी चालकाच्या समोरील कांचेखालीं, कार्ब्युरेटराहून उंच बसविलेली असे. पंप नव्हता, पेट्रोल आपल्याच वजनानें उतरे, गाळ धरणाऱ्या लहान वाटींतून जाई, व नळीनें कार्ब्युरेटरांत येई. तेथें तें योग्य प्रमाणांत हवेंत मिसळून इंजिनास पोहोंचविणें हें कार्ब्युरेटराचें काम. अशा गाड्या अमेरिकेंत हौशी लोकांनीं आजही जतन करून चालत्या ठेविल्या आहेत.

आतां अशी गाडी चालतां चालतां अडखळली व थांबली, तर पहिला संशय कोणावर येतो? कार्ब्युरेटरावर. तो समोर दिसतो, त्यास फिरविण्याजोगे स्क्रू असतात, आणि त्याची एक झडप तर चालकास जागेवर बसूनच दांडीनें फिरवितां येते. म्हणजे पुरावा मिळाला म्हणून नव्हे, तर हात पोहोंचतो म्हणून त्यास आरोपी केलें जातें.

पण विचार करा. टाकीच्या झांकणांत हवा आंत येण्यास बारीक वाट असते. ती मातीनें बुजली, तर पेट्रोल उतरतां उतरतां टाकींतील हवेचा दाब घटतो व प्रवाह आटतो. गाडी कांहीं मैल जाऊन थांबते, आणि थोडा वेळ उभी ठेविली कीं पुन्हां चालूं लागते. उलटपक्षीं ठिणगीच्या यंत्रणेंतील कंडेन्सर सदोष असला, तर तोही तापल्यावर दगा देतो व निवल्यावर पुन्हां काम करितो. लक्षण एकच, कारणें दोन, आणि कार्ब्युरेटर दोहोंतही निर्दोष! गाडी थांबतांच झांकण उघडून पाहिलें व ती लगेच सुरू झाली, तर संशय झांकणावर जातो; न झाल्यास ठिणगी तपासावी. एवढी साधी परीक्षा न करितां जो स्क्रू फिरवीत बसतो, तो चांगल्या भागाची मांडणी मोडतो व वाईट भाग तसाच ठेवितो.

ह्याहूनही फसवा एक प्रकार आहे. इंजिन आणि हवा नेणारी नळी ह्यांच्या सांध्यांतील गॅस्केट फाटलें, तर तेथून जास्त हवा आंत शिरते. मिश्रण पातळ होतें व गाडी उभी असतां इंजिन लटपटतें. चालक पेट्रोलाची झडप अधिक उघडतो, आणि लटपट थांबते. तो म्हणतो, “दुरुस्त झालें.” परंतु भार चढल्यावर त्या फटींतून येणाऱ्या हवेचा परिणाम कमी होतो, मग तेंच मिश्रण जाड पडतें, काळा धूर निघतो व प्लगांवर काजळी धरते. एका दोषावर दुसरा दोष घातला, आणि त्यास दुरुस्ती हें नांव दिलें. आमच्या मतें पुष्कळ घरांतील शांतता ह्याच जातीची असते.

येथें कोणी म्हणेल, “रात्रीं रस्त्यांत ओझ्यासह अडकलेल्या चालकास इतका विचार करण्यास सवड कोठून?” आक्षेप खरा आहे. संशय न धरितां कोणासच काम करितां येणार नाहीं. परंतु संशय आपणांस पाहण्याचा अधिकार देतो, शिक्षा करण्याचा देत नाहीं. म्हणून शहाणा मिस्त्री क्रम ठेवितो: ज्यास खर्च नाहीं व जें पूर्ववत् करितां येतें तें आधीं, जें खोलावें किंवा तोडावें लागतें तें शेवटीं. एका वेळीं एकच बदल करावा, आणि स्क्रू किती फिरविला हें मोजून ठेवावें. तीन बदल एकदम केले व गाडी चालली, तर ती कशानें चालली हें त्यास कधींच कळणार नाहीं. दैवानें मिळालेलें यश ज्ञान होत नाहीं.

दुसरा आक्षेप असा, कीं मग दोषी कोणीच नाहीं काय? तसें आम्ही म्हणत नाहीं. कार्ब्युरेटरही खरोखर बिघडतो. पेट्रोल महिनेच्या महिने पडून राहिलें तर त्याचा चिकट थर बसून जेटांचीं बारीक छिद्रें बुजतात. आंतील पोकळ पितळी फ्लोटास सुईएवढें भोंक पडलें, तर त्यांत पेट्रोल भरतें, तो बुडतो, झडप बंद होत नाहीं, व पेट्रोल बाहेर गळूं लागतें. तो काढून कानाशीं हालविला असतां आंतील पेट्रोलाचा आवाज येतो. इतका पुरावा मिळाल्यावर त्यास निर्दोष म्हणणें ही दया नव्हे, तें असत्य होय. तो सोडवावा, शुद्ध करावा, भोंक बुजवावें, व पुन्हां कामास लावावा.

मात्र हा दृष्टांत एका ठिकाणीं अपुरा पडतो, आणि तेंच ठिकाण सर्वांत महत्त्वाचें आहे. कार्ब्युरेटरावर खोटा आळ घेतला तरी त्यास दुःख होत नाहीं. मनुष्याचें तसें नाहीं. शाळेंत मागें पडणाऱ्या मुलास पंतोजींनीं आळशी ठरविलें, आणि खरें पाहतां त्यास फळ्यावरील अक्षर दिसत नव्हतें किंवा तें उपाशी येत होतें, तर तें मूल कांहीं महिन्यांनीं खरोखरच आळशी होतें. आरोपानें आधीं नसलेला दोष तेथें उत्पन्न केला. सुनेवर, चाकरावर, गांवांतील गरिबावर संशय आधीं येतो, तो बहुधा तीं जवळ व दुबळीं असतात म्हणून. त्यांचा स्क्रू हातास लागतो म्हणून.

तेव्हां, प्रिय वाचकहो, घरीं, शाळेंत किंवा मंडळींत कांहीं बिघडलें म्हणजे प्रथम टाकीचें झांकण पाहा. जी वस्तु यंत्रास दिली नाहीं ती त्याजकडून मागूं नका. आणि शोधाअंतीं दोष ज्याचा ठरेल त्यास तो स्पष्ट सांगा. पण फेंकून देण्यासाठीं नव्हे, तर त्यास पुन्हां कामास लावण्यासाठीं. निर्जीव लोखंडापाशीं जितका धीर आपण धरितों, तितका तरी जिवंत मनुष्यापाशीं धरणें हें आपलें कर्तव्य आहे.