राजीखुशीची पावती दाखवा

आखातात कामगार पाठवताना जास्त पैसे घेतले म्हणून पकडलेल्या एजंटचं उत्तर या आठवड्यातही तेच: ‘पैसे कामगारानं राजीखुशीनं दिले.’ ऑफिसचा खर्च असतो, सगळेच घेतात, ही बाकीची कारणं सोडून देऊ. पण ही राजीखुशी ऐकवत नाही.

कधी उपजते ही खुशी? पासपोर्ट एजंटच्या कपाटात गेल्यावर, मेडिकल झाल्यावर, हातची नोकरी सोडून ‘सौदीला चाललो’ असं गावभर सांगून झाल्यावर. मग सब-एजंटचा फोन येतो: अजून पैसे लागतील, नाहीतर व्हिसा दुसऱ्याला जाईल. वेल्डर, गवंडी, ड्रायव्हर, जो असेल तो सावकाराचं दार ठोठावतो. खुशीच होती, तर पासपोर्ट आधी का अडकवून ठेवला? खुशीच होती, तर रोखीचा हट्ट कशाला? देवळात एकशेएक रुपये देणगी दिली तरी पावती फाडतात. इथे लाखांच्या खुशीला कागदाचा कपटाही नाही!

१९८३चा उत्प्रवासन कायदा आणि त्याखालचे नियम स्पष्ट आहेत. नोंदणीकृत एजंटनं कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घ्यायचे. आणि पावती द्यायची. नोंदणीशिवाय भरती करणं हाच गुन्हा. तिकडे सौदीच्या श्रम कायद्याचं ४०वं कलम भरतीचा आणि इकाम्याचा, म्हणजे तिथल्या निवास परवान्याचा, खर्च मालकावर टाकतं. म्हणजे एकाच माणसाच्या भरतीचे पैसे दोन्हीकडून उकळले जातात. कर्ज डोक्यावर घेऊन उतरलेला कामगार, ठरल्यापेक्षा कमी पगार मिळाला तरी परत फिरू शकत नाही. हे मालकाला पक्कं ठाऊक असतं.

मला विचाराल तर ३०,०००सुद्धा नकोत. ज्याला माणूस हवा, त्यानं खर्च करावा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९९७चा करार हेच सांगतो, पण भारतानं तो स्वीकारलेला नाही. तो दिवस येईल तेव्हा येवो. तोवर निदान कायद्यातला आकडा तरी पाळला जावा.

तुमच्या घरातलं, वाडीतलं कुणी आखातात निघालं असेल, तर एजंटचा परवाना क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. रोख देऊ नका. पावती मागा. ती नाकारली, तर पैसे खिशातच ठेवा आणि उत्प्रवासी संरक्षकाच्या कार्यालयात तक्रार करा.