कैसराचें नाणें आणि आमचें नांव
(मत्तय 22:15–22)



प्रभूनें नाणें मागवून त्यावर मुद्रा कोणाची, असें विचारिलें. ज्यावर कैसराची मुद्रा तें कैसराचें. परंतु मनुष्यावर देवाची प्रतिमा आहे, म्हणून त्याचा विवेक कोणत्याहि सरकारचा नव्हे.

आमची राज्यघटना 26 जानेवारी 1950 रोजीं अमलांत आली. तिच्या 25 व्या कलमानें सार्वजनिक सुव्यवस्था, नीति व आरोग्य यांच्या मर्यादेंत प्रत्येकास आपला धर्म मानण्याची, आचरण्याची व त्याचा प्रसार करण्याची मोकळीक दिली. सरकारास स्वतःचा धर्म नाहीं, हें आम्हां थोडक्या लोकांवर मोठें छत्र होय. तथापि त्याच वर्षींच्या अनुसूचित जातींच्या आदेशांत हिंदु धर्माखेरीज अन्य धर्म मानणारांस वगळिलें. पुढें 1956 सालीं शिखांस व 1990 सालीं बौद्धांस त्यांत घेतलें. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले.

येथेंच आमची परीक्षा होते. मुलाच्या शिष्यवृत्तीकरितां दाखला काढावयास तहसिलींत गेलेला बाप रविवारीं एक धर्म सांगतो व सोमवारीं कागदावर दुसरा लिहितो. त्यास दोष देण्याची घाई आम्ही करीत नाहीं. बाप्तिस्म्यानें त्याचें दारिद्र्य गेलें नाहीं, आणि गांव त्याची जुनी जात विसरलें नाहीं. परंतु खोट्या कागदानें सरकारास त्याचें मिळत नाहीं व देवासहि त्याचें मिळत नाहीं.

मग काय करावें? अन्याय वाटतो तो उघडपणें सांगावा. पौलास फटके मारावयास बांधिलें, तेव्हां त्यानें आपला रोमी हक्क स्पष्ट सांगितला (प्रे. कृ. 22:25). आमच्या बौद्ध शेजाऱ्यांनीं 14 ऑक्टोबर 1956 रोजीं नागपुरास दीक्षा घेतली. त्या आदेशांत येण्यास त्यांस 34 वर्षें लागलीं, तरी मागणी सुटली नाहीं. आमच्यासारख्यांच्या प्रश्नाच्या विचारार्थ 2022 सालीं केंद्र सरकारनें न्यायमूर्ति के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमिला. तेव्हां सनदशीर मार्गानें मागणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे.

उपदेशक बंधूंनो, सवलत सोडून खरें लिहिणाऱ्या बापास एकटें टाकूं नका. त्याच्या लेंकराची फी भरण्यास मंडळीनें हातभार लावावा. नाहीं तर आपला सत्याचा उपदेश फार स्वस्त ठरेल.

सरकारासाठीं प्रार्थना करा, कर द्या, आणि धर्म विचारिल्यास खरा सांगा. प्रभु तुम्हांस धैर्य देवो. आमेन.