चूक बोटाची की स्क्रीनची?

जुना सोफा विकायची जाहिरात टाकली, की थोड्याच वेळात एक फोन येतो. गिऱ्हाईक घासाघीस करत नाही. सांगाल ती किंमत त्याला कबूल असते, शिवाय ‘आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो’ अशी तयारीही असते. मोबाइलवर लगेच सूचना झळकते. रक्कम ठरल्याप्रमाणे, शेऱ्यात ‘सोफ्याचे पैसे’, खाली दोन बटणे, मग पिनचे चौकोन. आकडे टाकून होतात आणि पैसे यायचे ते राहतात बाजूलाच, उलट खात्यातून जातात.

यूपीआयमधल्या ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ या सोयीचा असा गैरवापर कित्येक वर्षे चालला. दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवण्याची ही सोय. फसलेल्यांना बँकांचे उत्तर ठरलेले असे: पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, हे तुम्हाला ठाऊक हवे होते. वाक्य शंभर टक्के खरे आहे. पण इतक्या लोकांना तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवावे लागत असेल, तर दोष लोकांच्या अडाणीपणात शोधायचा की त्या स्क्रीनमध्ये?

फसणारे सगळे नवखे नव्हते. उलट रोज यूपीआय वापरणाऱ्याचा हात सरावलेला असतो. पिनचे चौकोन दिसले की बोटे आपोआप चालतात. याहून मोठी गोम शेऱ्यात होती. तो मजकूर लिहिणार ठग, पण दिसणार बँकेच्या अ‍ॅपमध्ये, अ‍ॅपच्याच अक्षरांत. ज्या स्क्रीनवर आपण डोळे मिटून विश्वास ठेवतो, तिच्याच तोंडून ठग बोलत होता. अशा वेळी ‘नीट वाचा’ हा सल्ला कुचकामी ठरतो, कारण वाचणाऱ्यालाही तिथे खोटेच वाचायला मिळत होते.

डिझाइनच्या अभ्यासकांना हे नवे नाही. माणसाची चूक म्हणून आपण जे खपवतो ते पुष्कळदा वस्तूच्या रचनेतले वैगुण्य असते, असे डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ सालच्या पुस्तकात मांडले. याकोब नील्सन यांच्या १९९४च्या दहा सूत्रांत एक सूत्र असे आहे, की चुकीनंतर चांगला संदेश दाखवण्यापेक्षा चूक होऊच न देणे बरे.

आपल्याकडेही शेवटी उपाय सापडला तो याच वाटेने. आधी अशा मागणीवर २,००० रुपयांची मर्यादा आली आणि १ ऑक्टोबर २०२५पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला अशी मागणी पाठवण्याची सोयच यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने बंद केली. मित्राकडून जेवणाच्या बिलातला वाटा मागायची सोय त्यात गेली, हे खरे. पण क्यूआर कोड पाठवून किंवा चार शब्द लिहूनही ते काम होते. त्याच वर्षी दुसरा बदल झाला: पैसे पाठवताना समोरच्याचे बँकेत नोंदलेले नाव दाखवणे अ‍ॅपना बंधनकारक झाले. दोन्ही बदलांमागचे तत्त्व एकच. ज्याची हमी बँक देऊ शकते तेच स्क्रीनने सांगावे.

मंडईत हे तत्त्व आधीच रुजले आहे. भाजीवाल्या मावशींचे दोन्ही हात कोथिंबिरीत, समोर पाच गिऱ्हाइके. त्यातल्या एकाने पुढे केलेल्या मोबाइलवरची हिरवी खूण खरी की बनावट, हे त्यांनी कसे ओळखायचे? साउंडबॉक्सने तो प्रश्नच निकालात काढला. मावशींच्या खात्यात पैसे जमा झाले तरच तो बोलतो, तेही मराठीत. कुणाचा मोबाइल बघायला नको, चष्मा शोधायला नको, डोळे ताणायला नकोत.

आता ठग हात बांधून बसणार नाहीत, असे कुणी म्हणेल. बरोबरच आहे. तोतया पोलिसांच्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या धमकीने घाबरलेला माणूस आपण पैसे पाठवत आहोत हे पक्के जाणून पाठवतो; तिथे बटणाचा रंग बदलून फारसे काही साधत नाही, तिथे जनजागृतीच हवी. म्हणूनच दोन्हींतला फरक ओळखायला हवा. जग माणसाला फसवते ती गोष्ट वेगळी, आणि हातातली स्क्रीन त्या फसवणुकीला साथ देते ती वेगळी.

हेतुपुरस्सर फसवणाऱ्या रचनांची दखल कायद्याने घेतली आहे. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये तेरा प्रकारचे ‘डार्क पॅटर्न’ निषिद्ध ठरवले. पण ‘कलेक्ट’ची सोय कुणी वाईट हेतूने केलेली नव्हती, आणि म्हणूनच तिच्यातला दोष मान्य व्हायला इतकी वर्षे गेली. यापुढे एखाद्या संस्थेने ‘सावध राहा’ अशी मोहीम काढली, की तिला विचारावे: आमच्यासाठी सूचना ठीक आहेत, पण तुमच्या स्क्रीनवर तुम्ही काय बदलले? उत्तर नसेल, तर त्या मोहिमेचा अर्थ एवढाच, की दुरुस्तीचे काम संस्थेने ग्राहकाच्या गळ्यात बांधले आहे.