दुरून घेतलेला प्राण आणि कफ्फारा

अंबाडीत लग्नसमारंभांचे ड्रोनने चित्रीकरण करणारा एक तरुण गेल्या जुमाच्या नमाजनंतर मागे थांबला. त्याने विचारले, "मौलाना, हजारो मैल दूर बसून ड्रोनने माणूस मारला, तर त्या रक्ताचा भार मारणाऱ्यावर असतो का?"

प्रश्न परक्या देशांपुरता राहिलेला नाही. नागपुरात तयार झालेले 'नागास्त्र-१' २०२४ साली भारतीय लष्कराकडे आले. लक्ष्य बदलले तर त्याचा मारा रद्द करून ते माघारी बोलावता येते, पॅराशूटने खाली उतरवता येते. म्हणजे यंत्र कितीही दूर असले तरी निर्णय माणसाच्याच हाती असतो.

अमेरिकी हवाई दलातील ब्रँडन ब्रायंट २०११ पर्यंत हेच काम करीत होते. लक्ष्यावर लेझर धरून ठेवणे, ही त्यांची जबाबदारी. तोफ डागणाऱ्याला गोळा कोठे पडला हे सहसा दिसत नाही. ब्रायंट यांना सर्व दिसे. उष्णता टिपणाऱ्या पडद्यावर एका जखमी माणसाचे शरीर थंड होत जमिनीच्या रंगाचे होईपर्यंत ते पाहत राहिले. सेवा सोडताना मिळालेल्या कागदावर त्यांच्या तुकडीच्या मोहिमांत मारल्या गेलेल्यांचा आकडा होता : १,६२६. पुढे त्यांना आघातातून उद्भवणारा मानसिक विकार असल्याचे निदान झाले.

ज्यांची घरे उद्ध्वस्त झाली त्यांच्या दुःखाशी या दुःखाची बरोबरी करणे मला मान्य नाही. तरीही याला निव्वळ मनाचा दुबळेपणा म्हणता येत नाही. हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांनी ऐन लढाईत कलिमा उच्चारणाऱ्या माणसाला ठार केले, त्याने तो जीव वाचवण्यासाठी म्हटला, असे त्यांना वाटले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांची समजूत काढली नाही. त्याचे हृदय चिरून पाहिलेस काय, असे ते पुनःपुन्हा विचारीत राहिले; इतके, की आपण आजच इस्लाम स्वीकारला असता तर बरे, असे उसामांना वाटले. हृदय तर पडद्यावरही दिसत नाही.

रणांगणावरील सशस्त्र शत्रूचा हुकूम वेगळा. परंतु चुकून झालेल्या हत्येसाठीही सूरह निसाच्या ९२ व्या आयतीत वारसांना दियत आणि मारणाऱ्यावर कफ्फारा सांगितला आहे : गुलाम मुक्त करणे, ते शक्य नसल्यास सलग दोन महिने रोजे. दियतीचा भार फिक्हनुसार नातलग उचलतात. रोजे मात्र ज्याचे त्यानेच ठेवायचे असतात. हेतू नव्हता म्हणून शरीअत त्या माणसाला रिकाम्या हाताने घरी पाठवत नाही. पश्चात्तापाला एक मार्ग आणि एक मुदत देते. वरिष्ठांचा हुकूम होता, हे कारण त्याला यातून सोडवीत नाही, असे मी त्या तरुणाला सांगितले.

काबूलमध्ये २९ ऑगस्ट २०२१ रोजी अमेरिकी ड्रोनने १० निरपराध माणसे मारली. त्यांत ७ मुले होती. चूक झाल्याचे सैन्याने मान्य केले. डिसेंबरमध्ये जाहीर झाले, की या प्रकरणी कोणालाही शिक्षा होणार नाही. ज्यांनी त्या दिवशी पडद्यावर ती मोटार पाहत क्षेपणास्त्र सोडले, त्यांच्यापुढे ना शिक्षा आली, ना कफ्फारा.