वाचलेला रुपया कुणाचा?

बाजारातून घरी आलो की पिशवी खाली ठेवायच्या आधीच आपण एक गोष्ट सांगतो. "तीस सांगत होती, वीसला आणली." घरातली माणसे कौतुक करतात. भाजी कशी निघाली हे नंतर पाहिले जाते.

ही सवय फार जुनी आहे. पवित्र शास्त्रात नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात असेच एक गिऱ्हाईक भेटते. दुकानात उभे असेपर्यंत ते मालाला नावे ठेवते आणि रस्त्याला लागले की आपल्या सौद्याची फुशारकी मारते. लिहिणाऱ्याने त्याला शाप दिलेला नाही की उपदेश केलेला नाही, फक्त जसे आहे तसे दाखवले आहे. त्याच अध्यायात, अगदी जवळच, खोटी वजनमापे परमेश्वराला किती अप्रिय आहेत हेही येते. विकणाऱ्याची लबाडी आणि घेणाऱ्याची लबाडी अशी शेजारी शेजारी आहे. दुकानदारांच्या मापाविषयी आपण चर्चच्या आवारातसुद्धा पुष्कळ बोलतो. आज थोडे आपल्याविषयी बोलू.

आधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पैसे वाचवणे हा दोष नाही. आपल्यापैकी बरीच घरे रोजंदारीवर, शेतमजुरीवर किंवा बेताच्या पगारावर चालतात. तिथे महिन्याचे दोनशे रुपये वाचले तर मुलाची वह्या-पुस्तके येतात. प्रभू येशूने पाच हजारांना जेवू घातले, त्यानंतरही उरलेले तुकडे वाया जाऊ नयेत म्हणून गोळा करायला लावले आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याच्या हाताने भाकरी वाढते, त्यालाही तुकड्याची किंमत होती. तेव्हा काटकसर करणाऱ्या गृहिणीला कुणी कंजूष म्हणू नये. प्रश्न एवढाच आहे की आपण वाचवलेला रुपया नेमका कुठून आला? तो आपल्या उधळपट्टीतून आला, मधल्या कुणाच्या नफ्यातून आला, की आपल्याहूनही अडलेल्या माणसाच्या ताटातून आला?

मेथीच्या जुडीचेच घ्या. भाजीवाली मावशी पहाटे लिलावाला जाते. समजा, तिला जुडी बारा रुपयांना पडली. वर हमाली, टेम्पोचे भाडे आणि उन्हात पाणी मारत बसण्याचा दिवस. ती वीस म्हणते, आपण दहा म्हणतो. थोडी ओढाताण होते आणि शेवटी ती म्हणते, "लई जाय, माय." आपल्याला वाटते, ती राजी झाली, म्हणजे व्यवहार न्याय्य झाला.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात नेमका हाच समज खोडून काढला. मालक आणि कामगार दोघांनी मान्य केली म्हणून मजुरी न्याय्य होत नाही, असे त्यांनी लिहिले. गरजेपोटी किंवा याहून वाईट ओढवेल या भीतीपोटी माणूस कमी मजुरीला हो म्हणतो, तेव्हा त्याच्यावर बळजबरीच झालेली असते. ते पत्र गिरणी-कारखान्यांच्या काळातले आहे, भाजीबाजाराचे नाही. पण त्या मावशीला जुडीमागे जे सुटते, तीच तिची मजुरी. वेगळा पगार तिला कुणी देत नाही.

इथे कुणी म्हणेल, ती तरी कुठे भोळी आहे? आपण पाडून मागणार हे ठाऊक असल्यामुळे ती आधीच चढवून सांगते. हे खरे आहे. घासाघीस म्हणजे पाप असे आम्ही म्हणत नाही. आपल्याकडे त्यात बोलणे असते, ओळख असते, "गेल्या वेळची वांगी किडकी निघाली" ही तक्रारही असते. भाव न विचारता नोट पुढे करणाऱ्यापेक्षा तिला हे गिऱ्हाईक आवडतही असेल. तिला भीक नको असते. शिवाय दिवस मावळताना ती स्वतःहून "दहाला दोन" म्हणून ओरडते, तेव्हा घेण्यात काही गैर नाही. उरलेला माल शेळ्यांपुढे टाकण्यापेक्षा तिलाही ते बरे. पण तिला खरेदीला किती पडले याचा अंदाज आपल्याला असतो, आणि तरीही आपण त्याच्या खाली ओढत राहतो, कारण तिला नकार देणे परवडत नाही हे आपण हेरलेले असते. तिथे काटकसर संपून दुसरे काही सुरू होते, असे आम्हांला वाटते.

गंमत अशी की जिथे खरोखर भांडायला हवे, तिथे आपण गप्प असतो. पाच-दहा रुपयांचे पाकीट वर्षानुवर्षे त्याच किमतीला मिळते आणि आतले ग्रॅम कमी होत जातात. ते उलटून वजन वाचणारे आपल्यात किती? छापील किंमत ही जास्तीत जास्त किंमत आहे. तिच्याहून जास्त घेणे गुन्हा आहे आणि तिच्याहून कमीत देण्याला कुठलीही बंदी नाही. आता पाकिटावर ग्रॅममागे किंवा मिलिलिटरमागे किती पडते तेही छापावे लागते. तो बारीक आकडा पाहिला तर मोठे पाकीट नेहमी स्वस्त पडते हा समजही ढासळतो. शाम्पूची पुडीच पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त असते! चहा-तेलाचे बहुधा उलट. पावती मागणे, तारीख पाहणे, काटा शून्यावर आहे ना हे बघणे, यातून वाचलेला पैसा कुणाच्या पोटातून येत नाही. पण काचेच्या दारामागे भाव विचारायची आपल्याला लाज वाटते आणि गोणपाटावर बसलेल्या बाईपुढे तोंड सुटते.

आता जे सांगायचे ते आमच्याच घरचे आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि आमच्या घरचे काम बंद पडले. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. त्या शेठनी एक शब्द न विचारता वहीत आमच्या नावाचे पान उघडले. तांदूळ, तूरडाळ, तेल, साबण, सारे लिहिले जात राहिले. हिशेब साडेसात हजारांवर गेला. पुढच्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत आम्ही तो थोडा थोडा करून फेडला. व्याज त्यांनी मागितले नाही, तगादाही लावला नाही.

मग दिवस सुधारले. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचे तिकीट अर्धे झाले. धुळे काही फार लांब नाही. तिथल्या मोठ्या दुकानात डाळ, साखर, तेल स्वस्त पडते हे लक्षात आले. महिन्याला तिकीट वजा जाता साडेतीनशे रुपये वाचू लागले. गल्लीतल्या दुकानात आम्ही जायचो ते फक्त काडेपेटी, मीठ आणि महिनाअखेरच्या उधारीसाठी.

एके दिवशी धुळ्याहून परतलो. स्टँडवरून घरी येण्याचा सरळ रस्ता त्या दुकानावरून जातो. आम्ही मागच्या बोळातून आलो. चोरी केलेली नव्हती, कुणाचे देणे नव्हते, तरीही हातातल्या पिशव्या त्यांना दिसू नयेत असे वाटले. घरी आल्यावर त्या बोळाविषयी कुणी काही बोलले नाही, पण दोघांनाही ते कळले होते.

पुढे यावर घरात वाद झाला. एक बाजू अशी: शेठनी उपकार केले, पण ते व्यापारी आहेत. त्यांच्या चढ्या भावात उधारीची जोखीम धरलेलीच असते. आपण पै न पै फेडली. जन्मभर किलोमागे दहा रुपये जास्त देत राहायचे का? बाजूत दम होता. दुसऱ्या बाजूला सुरुवातीला नुसती लाजच होती, आणि लाज म्हणजे काही युक्तिवाद नव्हे.

हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. शेठची वही चालते ती रोख देणाऱ्यांच्या जिवावर. आज आमच्यासारखी रोख गिऱ्हाइके धुळ्याला निघून गेली की त्यांच्याकडे फक्त वहीवाले उरतील, आणि मग एक दिवस वही बंद होईल. तेव्हा आमचे काही अडणार नाही. अडेल ते पलीकडच्या घरातल्या विधवा बाईचे. २०२० मध्ये आम्ही जिथे उभे होतो, तिथे आज ती उभी आहे. आमचे साडेतीनशे रुपये शेठच्या गल्ल्यातून येतात असे आम्ही धरून चाललो होतो, पण त्यातले काही तिच्या पानावरून येत होते.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या परिपत्रकात म्हटले आहे की खरेदी ही नुसती पैशाची गोष्ट नाही, ती नेहमीच नैतिक कृती असते. तिथेच त्यांनी ग्राहकांच्या सहकारी संस्थांचाही उल्लेख केला आहे. काटकसर एकट्याने केली की ती बहुधा शेजाऱ्याला चुकवून होते. चार घरांनी मिळून केली तर? १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने हेच केले. शेजारपाजारची घरे एक संघ करतात, महिन्याची यादी एकत्र देतात, माल घाऊक भावाने थेट येतो आणि सभासद तो पाळीपाळीने वाटून घेतात.

दूर कॅनडात नोव्हा स्कॉशियाच्या किनाऱ्यावरचे कोळी एकाच व्यापाऱ्याला मासे मातीमोल विकत आणि त्याच्याकडूनच पीठ आणि जाळी उधारीने महाग घेत. फादर जिमी टॉम्पकिन्स आणि फादर मोझेस कोडी या धर्मगुरूंनी त्यांना घराघरांत बसवून हिशेब शिकवला. १९२८ मध्ये अँटिगोनिशच्या सेंट फ्रान्सिस झेवियर विद्यापीठात त्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला आणि फादर कोडी त्याचे पहिले संचालक झाले. त्यातून कोळ्यांच्या स्वतःच्या पतसंस्था आणि दुकाने उभी राहिली.

आपल्याकडे उन्हाळ्यात वर्षाचा गहू आणि दादर भरतातच. दहा घरांनी मिळून ते थेट शेतकऱ्याकडून घेतले तर त्याला दोन पैसे जास्त आणि आपल्याला दोन पैसे कमी, हे जमण्यासारखे आहे. अर्थात त्यातही गल्लीतल्या शेठचे गहू विकणे कमी होईलच, हे कबूल करायला हवे. कुणाचाच तोटा नाही अशी बचत आम्हांला अजून सापडलेली नाही.

गेल्या महिन्यात आम्ही सरळ रस्त्याने आलो, पिशव्या घेऊन. दुकानासमोर थांबलो आणि शेठना सांगितले की तेल आणि साबण आम्ही धुळ्याहून आणतो, पण डाळ, तांदूळ आणि साखर इथून पुढे रोखीने तुमच्याकडून नेऊ. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी विचारले, "तिथे तेल काय भावाने दिले?" आम्ही सांगितले. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर तो आकडा लिहून घेतला.