इतर हक्क

जमीन घेणारा आधी विचारतो, ‘सातबारा कोरा आहे ना?’ बोजा नाही, कूळ नाही, वाद नाही असा उतारा हाती पडला की त्याचा जीव भांड्यात पडतो. तलाठी म्हणून मी असे उतारे नोकरीभर दिले. माणूस जमिनीचा मालक होऊ शकतो का, हा प्रश्न मला त्या दप्तरानेच घातला.

कारण दप्तर मालकी देत नाही. खरेदीखत होतं, नोटीस निघते, हरकत नसली तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि नाव लागतं. 1966 च्या जमीन महसूल संहितेचं कलम 157 इतकंच सांगतं की नोंद चुकीची ठरेपर्यंत खरी धरावी. मालकीचा वाद दिवाणी न्यायालयातच तुटतो.

जैमिनींच्या पूर्वमीमांसेत हा प्रश्न यज्ञाच्या वाटेने येतो. विश्वजित यज्ञात यजमानाने सर्वस्व द्यायचं. मग राजाने भूमीही द्यावी का? नाही, ती सर्वांना सारखीच आहे. त्यावरचे भाष्यकार शबरस्वामी म्हणतात, माणूस शेताचा धनी दिसतो, अवघ्या पृथ्वीचा नाही. मी म्हणेन, शेताचाही तो एकटा धनी नसतो.

सातबाऱ्यावर त्याची कबुली ‘इतर हक्क’ या रकान्यात आहे. सोसायटीचं कर्ज, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, कुणाची वहिवाट. घेणाऱ्याला तो डाग वाटतो. मला उताऱ्यातला धर्म तिथेच दिसतो. कोऱ्या उताऱ्यामागे काय असतं ते मी पाहिलंय. बाप गेला की वारसनोंदीत बहिणींची नावं लागतात आणि थोड्याच दिवसांत हक्कसोडपत्र येतं. 2005 पासून मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हिस्सा आहे, हे तिला ठाऊक असतं. पण माहेर तुटेल या भीतीने ती सही करते. कागद कायदेशीर असतो. सही भीतीने झाली असेल, तर तिचं देणं फिटलं असं मला म्हणवत नाही.

देवस्थान इनामात तर खातेदार देवच असतो. मालकाच्या रकान्यात पुजाऱ्याचं नाव नको, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये म्हटलं. पुजाऱ्याने फक्त सांभाळायचं. सगळ्याच जमिनींकडे असं पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

आमच्या बांधावरून शेजारी पिढ्यान्‌पिढ्या जातात. ती वाट इतर हक्कांत नोंदवावी म्हणून मी अर्ज दिलाय. मुलगा म्हणतो, ‘अण्णा, जमिनीचा भाव पडेल.’ पडला तरी ती वाट त्यांचीच आहे.